खूण आणि ओळख

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १४, श्लोक २१ ते २५



चौदावा अध्याय संपत आलाय. गेले काही दिवस आपण सत्त्व, रज आणि तम यांच्याबद्दल वाचतोय. हे तीन गुण माणसाला कसे बांधतात, कोणता वाढला की काय होतं, हे भगवंतांचं सांगून झालं. आज एकविसाव्या श्लोकात अर्जुन त्यांना थांबवून विचारतो : देवा, या तिन्ही गुणांच्या पलीकडे गेलेला माणूस ओळखायचा कसा? त्याच्या खुणा कोणत्या? तो वागतो कसा?

मूळ श्लोकात 'खूण' या अर्थी 'लिंग' हा शब्द आहे. आज आपण तो वेगळ्या अर्थानं वापरतो, पण संस्कृतात लिंग म्हणजे चिन्ह. जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही ती जिच्यावरून कळते, ती खूण. न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण आहे ना, डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे आग आहे. तिथे धूर हे आगीचं लिंग. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आयडेंटिफायर.

हा श्लोक मी कॉलेजपासून किती वेळा वाचला असेल. पण तो मला खरा भिडला तो रेशनच्या दुकानात. म्हणून आज आधी ती गोष्ट सांगतो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. पुण्यात सिग्नलला पुढच्या गाडीवर एमएच ३६ दिसलं की मी अजूनही आत कोण आहे ते वाकून बघतो. कोणी ओळखीचं नसतं. तरी बघतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा आजी म्हणाली, चल माझ्यासोबत कंट्रोलमध्ये. (आमच्याकडे रेशन दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात.) तिथे पॉस मशीनवर थंब लावायचा, मशीननं ओळखलं की धान्य मिळणार.

आजीनं उजवा अंगठा लावला. नाही जुळला. डावा लावला. नाही. मग एकेक बोट. दुकानदारानं ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसून दिली, पुन्हा प्रयत्न. नाही. आजीनं आयुष्याची तीसेक वर्षं विड्या वळल्या आहेत. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, सुत बांधायचं. पावसाळ्यात विडी बंद आणि बांधीत रोवणा, दिवसभर चिखलात हात. त्या बोटांवर आता रेषा म्हणून काही उरलेलं नाही.

मी म्हटलं, ओटीपीवर होईल ना? तर आधारला जोडलेला मोबाईल नंबर निघाला माझा! कॉलेजमध्ये असतानाचा, मीच तेव्हा हौसेनं टाकलेला आणि पुढे पुण्याला आल्यावर बंद करून टाकलेला. म्हणजे दोष बोटांचाही नाही आणि मशीनचाही नाही. दोष माझा.

दुकानदार बिचारा ओशाळला. म्हणाला, "आजीला मी लहानपणापासून ओळखतो जी, पण मी ओळखून काय उपयोग?" आजी मात्र शांत होती. बाहेर पडताना म्हणाली, "त्या डब्यावर काहून रागावता? त्यानं मला कधी पाहिलंच नाही, तर ओळखणार कसा?"

दुसऱ्या दिवशी परत गेलो. डाव्या हाताची अनामिका जुळली आणि धान्य मिळालं. पण आजीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून काही जाईना.

मंडळी, आपल्या मराठीत दोन शब्द आहेत आणि आपण ते सहज एकमेकांच्या जागी वापरतो. खूण आणि ओळख. 'खूण पटली' असंही म्हणतो, 'ओळख पटली' असंही म्हणतो. पण नीट बघा. खूण लागते ती अनोळखी माणसाला. जो ओळखतो त्याला खूण लागत नाही. आई शाळेच्या गेटवर आपलं मूल हुडकते तेव्हा त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचत नाही. ते ओळखपत्र वॉचमनसाठी असतं.

म्हणून खूण वाईट आहे असं मी म्हणत नाही. खुणेशिवाय जग चालत नाही, माझं पोट तर तिच्यावरच चालतं. डेटाबेसमधल्या प्रत्येक ओळीला एक की लागते, नाहीतर कोणाचे पैसे कोणाच्या खात्यात जातील सांगता येत नाही. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेलं. आमच्या घरी आजीच्या लग्नातला एक पितळी गुंड आहे. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे. का घालायचे? लग्नकार्यात साऱ्या गल्लीची भांडी एकत्र यायची आणि कार्य आटोपलं की ज्याचं भांडं त्याच्या घरी जायला हवं. किती सोपी व्यवस्था! पण गंमत अशी, की त्या गुंडावर आजीचं माहेरचं नाव आहे. सासरी आल्यावर तिचं नाव बदललं. रेशनकार्डावर, आधारवर, मतदार यादीत, सगळीकडे सासरचं नाव. तिचं पहिलं नाव आता या जगात फक्त त्या गुंडावर आहे. मी एकदा विचारलं, आजी, यातली तू कोणती? ती हसली आणि गुंड घासत राहिली.

पवनीजवळ जगन्नाथ टेकडीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि तिथे बौद्ध स्तूप सापडला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी नावं! ते लोक दिसायला कसे होते, घरी कसे वागत, काही कळत नाही. नाव राहिलं आणि त्यांनी काय दिलं ते राहिलं. तेवढ्यावर आज आपण त्यांना ओळखतो.

आता अंगठ्याकडे या. सह्या न येणाऱ्यांना आपण 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवलं. आजीच्या साऱ्या कागदांवर 'निशाणी डावा अंगठा' असं दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात लिहिलेलं आहे. हा अंगठा सरकारदरबारी आला कसा, तेही ऐका. १८५८ मध्ये बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. कशासाठी? तर पुढे हा माणूस 'ही सही माझी नाही' असं म्हणू नये म्हणून! पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालयच सुरू झालं. म्हणजे अंगठ्याचा ठसा कागदावर आला तोच मुळी अविश्वासापोटी.

आणि आधार. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. बारा आकडे. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणितानं काढलेला, आकडा टाकताना चूक झाली तर पकडण्यासाठी. बाकीच्या आकड्यांत काहीही दडलेलं नाही. जिल्हा नाही, जात नाही, धर्म नाही. मला इंजिनिअर म्हणून हे फार आवडतं. आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरच्याच्या मनात लगेच हिशेब सुरू होतो, हा आपल्यातला की दुसऱ्यांतला. त्या क्रमांकाला असा हिशेब येत नाही. तो कोणाचा अपमान करत नाही. पण तो कोणावर मायाही करत नाही. आजीची बोटं का झिजली, हे त्याला कळायची सोयच नाही.

आता माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे चिंतन खोटं होईल.

त्या दिवाळीच्या आदल्या वर्षी मी एका कामावर होतो. ग्राहकांच्या यादीत एकाच माणसाची दोन-दोन रेकॉर्ड असतील तर ती शोधून एक करायची. नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की आम्ही धरायचो, हा एकच माणूस. मीच लिहिलेला नियम. आता तुम्हीच सांगा, आपल्या खेड्यांतल्या किती म्हाताऱ्यांना खरी जन्मतारीख ठाऊक असते? कागदावर सरळ १ जानेवारी पडते. माझ्या आजीचीही तीच आहे. एका गावात एकाच नावाच्या दोन बायका, दोघींची तारीख १ जानेवारी, सालही तेच. माझ्या नियमानं दोघींची एक करून टाकली. त्यातल्या एकीनं तीनदा तक्रार केली : ती बाई मी नाही. तक्रार माझ्याकडे आली. मी लॉग पाहिला, तिन्ही गोष्टी जुळत होत्या. मी लिहिलं, 'सिस्टिम नियमाप्रमाणे काम करते आहे,' आणि तक्रार बंद केली.

तेव्हा मी रोज सकाळी गीता वाचत होतो, बरं का. गळ्यात माळ होती. एकादशी चुकत नव्हती.

दिवाळीहून परत आल्यावर पहिल्याच दिवशी मी ती जुनी तक्रार शोधून काढली. दोन रेकॉर्ड वेगळी करायला दोन दिवस लागले. १ जानेवारी ही तारीख पुरावा म्हणून धरायची नाही, हा बदलही केला. पण मध्ये अकरा महिने गेले होते. अकरा महिने एक बाई सांगत होती की मी मी आहे, आणि मी तिला सांगत होतो की नाही, माझ्या खुणांप्रमाणे तू दुसरीच आहेस. तिचं ते अकरा महिन्यांचं नुकसान मला परत करता येत नाही.

वेदान्तात यासाठी एक शब्द आहे, उपाधी. जी वस्तू जवळ राहून आपला रंग दुसऱ्याला लावते ती. स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. लाल झालेला नसतो, दिसतो. नाव, पदवी, जात, पगार, गाव या सगळ्या उपाध्या. आपल्या मराठीनं तर कमाल केली आहे. उपाधी म्हणजे पदवी, आणि 'ही काय नसती उपाधी मागे लागली' म्हणतो तेव्हा उपाधी म्हणजे कटकट! दोन्ही अर्थ एकाच शब्दात. खूण वापरायला हरकत नाही, फक्त तिलाच माणूस समजलं की कटकट सुरू.

ती कटकट किती भयंकर होऊ शकते, हे चोखोबांपेक्षा जास्त कोणी भोगलं असेल?

संत चोखामेळा मंगळवेढ्याचे. देवाच्या दारात आयुष्य गेलं, पण दाराच्या आत पाऊल टाकता आलं नाही. पंढरपूरच्या देवळानं त्यांची एकच खूण पाहिली, जात. तेवढी पाहून निकाल दिला. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललं होतं, चोखोबा तिथे मजुरी करत होते. ती भिंत कोसळली आणि कितीतरी मजूर खाली गाडले गेले. इ.स. १३३८ ची ही घटना मानतात. नामदेवांना कळलं, ते मंगळवेढ्याला आले. तोवर ढिगाऱ्यात फक्त हाडं उरली होती. साऱ्या मजुरांची हाडं एकत्र.

आता विचार करा. ओळखायचं कसं? चेहरा नाही, कपडे नाहीत, अंगठ्याचे ठसे नाहीत. हाडाला जात नसते, नाव नसतं. आयुष्यभर ज्या खुणेनं चोखोबांना बाहेर ठेवलं ती खूण मातीत गेली होती. परंपरा सांगते, नामदेव एकेक हाड कानाशी लावत गेले. ज्या हाडांतून 'विठ्ठल विठ्ठल' असा नाद आला, ती चोखोबांची. ती त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. पुढे नामदेवांची पायरीही तिथेच झाली.

तुमच्यापैकी काही जण विचारतील, हाडांतून आवाज कसा येईल? मीही विचारायचो. आता मला त्या गोष्टीत दुसरं काही दिसतं. त्या ढिगाऱ्यापाशी अनोळखी माणूस गेला असता तर त्याला काहीच ऐकू आलं नसतं. नामदेवांना ऐकू आलं, कारण त्यांनी तो आवाज आयुष्यभर शेजारी बसून ऐकला होता. त्यांनी खूण तपासली नाही, ओळख लावली. आणि जे ओळखलं ते काय होतं? नाव नाही, कुळ नाही. हा माणूस रोज काय करत होता, ते. नामस्मरण इतकं केलं की ते हाडांत उतरलं, एवढंच ती गोष्ट सांगते.

आणि तरीही देवळाचं दार उघडलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा ते दलितांना खुलं झालं. म्हणजे सहाशेहून जास्त वर्षं वारकरी चोखोबांच्या समाधीला हात जोडत आत जात होते, आणि चोखोबांची माणसं बाहेर उभी होती. देवळाच्या नियमाप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं! 'सिस्टिम नियमाप्रमाणे काम करते आहे' हे माझं वाक्य किती जुनं आहे, हे मला तेव्हा कळलं.

आता भगवंतांचं उत्तर बघू. अर्जुनानं खुणा विचारल्या होत्या. आपल्याला वाटेल की सांगतील, जटा असतील, भगवे असतील, चेहऱ्यावर तेज असेल. यातलं काहीच ते सांगत नाहीत. वेश नाही, कुळ नाही, आश्रम नाही, ज्ञानाचं प्रमाणपत्र नाही. ते सांगतात, मनात प्रकाश आला, धडपड आली, की मोह आला, तरी तो त्यांचा द्वेष करत नाही. गेले तर पुन्हा या म्हणून झुरत नाही. तटस्थासारखा बसतो, हलत नाही. सुख आणि दुःख त्याला सारखं. मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं सारखं. आवडतं-नावडतं, निंदा-स्तुती, मान-अपमान, मित्र-शत्रू यांत तो बदलत नाही.

ही यादी एखाद्या फॉर्मवर घालून बघा. एकही रकाना भरता येणार नाही. काउंटरवर बसून दोन मिनिटांत तपासता येईल अशी यातली एकही खूण नाही. अपमान झाल्यावर माणूस कसा वागतो, हे बघायचं तर त्याच्यासोबत दिवस काढावे लागतात. या खुणा पटवायच्या तर आधी ओळख वाढवावीच लागते!

आणखी एक. शंकराचार्यांनी भाष्यात सांगितलं आहे की सिद्ध माणसाची जी लक्षणं, तीच साधकाची साधना. म्हणजे ही यादी दुसऱ्याला तपासायला दिलेली नाही. कोण किती गुणातीत आहे, कोणता महाराज खरा, कोणता खोटा, कोणाच्या बायोमध्ये काय लिहिलंय, यासाठी ती नाही. ती आपण स्वतःवर चालवायची. माझ्या गळ्यातली माळ ही खूण आहे. ती खोटी नाही, पण ती पुरावाही नाही. ते एक वचन आहे, की मी असं वागायचा प्रयत्न करीन. ती तक्रार बंद करताना मी वचन मोडलं होतं, आणि माळ जागच्या जागी होती.

मागच्या महिन्यात माझा फोन बिघडला म्हणून ऑफिसमधल्या मित्राच्या नंबरवरून आजीला फोन लावला. घसा बसला होता. फक्त "हॅलो" म्हणालो. तिकडून लगेच आवाज आला, "काहून रे बाबू, आवाज बसला तुझा? जेवला का?"

अनोळखी नंबर, बसलेला आवाज, नाव सांगितलेलं नाही. एकही खूण जुळत नव्हती.

देवाकडे आपली ओळख अशी असावी, एवढीच माझी इच्छा आहे. आणि तोपर्यंत, माझ्यासमोर येणाऱ्या माणसाला तरी मी अशी ओळख देऊ शकतो का, ते बघायचं आहे.

आजचा अभ्यास : आज दिवसभरात ज्या माणसाला आपण फक्त खुणेनं ओळखतो असा एक निवडा. 'तिसऱ्या मजल्यावरचा', 'डिलिव्हरीवाला', 'सपोर्ट टीमची ती'. त्याच्याशी दोन मिनिटं बोला. त्याचं काय दुखतं-खुपतं, ते ऐका. आणि घरी कोणा म्हाताऱ्या माणसाच्या आधारला तुमचा जुना, बंद नंबर जोडलेला असेल, तर या आठवड्यात तो बदलून घ्या. ही पूजाच समजा.

प्रार्थना : पांडुरंगा, माझी माळ, माझं नाव, माझी पदवी यांच्यावरून मला ओळखू नकोस. ज्यांना मी ओळख दिली नाही, त्यांची मला आठवण राहू दे. आणि पुन्हा कोणी 'ती मी नाही' म्हणत दारात आलं, तर आधी ऐकून घ्यायची बुद्धी दे.

उद्या श्लोक २६ : गुणांच्या पलीकडे जायचा उपाय भगवंत एका शब्दात सांगतात, भक्ती.

राम कृष्ण हरी!